खंडेनवमीला पुसलेली पेटी

आमच्या धाकट्या जावेला मी कधी तोंडावर शाबास म्हटलं नाही. जावा-जावांत तशी रीतच नसते. थोरलीनं चुका काढायच्या, धाकटीनं त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचं आणि भाकरी दोघींनी मिळून थापायच्या. पण त्या दसऱ्याला तिनं जे केलं ते मी या डोळ्यांनी बघितलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. नव्वद सालानंतर लगेच मी लग्न होऊन कोल्हापुरात आले, तेव्हा घराच्या खालच्या मजल्यावर सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी नुकताच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. नवरा आणि दीर शूटिंगला जायचे आणि भरलेल्या कॅसेटी माझ्या पुढ्यात येऊन पडायच्या. मग मिक्सिंग मी शिकले. नवरानवरीला गुलाबाच्या फुलात बसवायचं, फूल गरगर फिरवायचं, खालून सनईचा आवाज वाढवायचा. या पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या मी गुलाबात बसवल्या असतील देव जाणे. माझं तोंड फटकळ, पण हात चांगला. गिऱ्हाईक तोंडाला भ्यायचं आणि हातासाठी परत यायचं.

धाकटी आली ती दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी. निपाणीकडच्या व्यापारी घरातली. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. कॉम्प्युटरची इंजिनिअर. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी तिला चहा-साखरेचे डबे दाखवत होते, तर ही म्हणते, "अक्का, खाली यूपीएस केवढा हाय?"

"अगं बया, आधी साखर कुठं हाय ते तर बघ!" मी म्हटलं.

तिचा आवाज एवढा मोठा, की खाली स्टुडिओत बोलली तरी वर गच्चीत वाळवणं राखणारीला ऐकू जायचं. आणि आपल्या हुशारीचा तिला काडीचा संकोच नव्हता. "हे मला येतंय," असं सरळ सांगायची. सांगितलेलं खरंच यायचं, त्यामुळं तिला टोचून बोलायची सोय राहायची नाही. मला त्याचा फार राग यायचा.

त्या वर्षांत लोडशेडिंगनं जीव नकोसा केला होता. डीव्हीडी काढायचं मशीन वेगळं, शूटिंग साठवायचं वेगळं, आणि वीज गेली की यूपीएस दोन्हींना पुरायचा नाही. धाकटीनं पुण्याहून सुटे भाग मागवले आणि एक भलीमोठी काळी पेटी जुळवली. म्हणाली, आता एकाच पेटीत दोन मशीन राहतील. मला वाटलं, पोरगी चेष्टा करतीय. मग तिनं मला माझ्या भाषेत समजावलं. पेटीत एक कारभारी आहे. त्याच्या हाताखाली दोन बिऱ्हाडं. एक बिऱ्हाड डीव्हीडी काढतं, दुसरं सगळं शूटिंग सांभाळतं. त्या दुसऱ्याला आम्ही कोठार म्हणायला लागलो. आता हार्ड डिस्का ज्या कार्डाला जोडलेल्या असतात, ते कार्ड कारभाऱ्यानं आपल्याजवळ ठेवायचं नाही, थेट कोठाराच्या हातात द्यायचं. त्याला म्हणे पासथ्रू म्हणतात.

"म्हणजे सासूनं मधे न पडता डब्याची किल्ली सुनेला दिली, तसं?" मी विचारलं.

"अगदी तसं. सासू मधे असली की डब्यात किती उरलंय ते सुनेला कधी कळत न्हाय."

सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या, नाहीतर ती पेटी त्याच दिवशी अंगणात गेली असती. मामा मात्र मिशीतल्या मिशीत हसले.

आमच्या धंद्यात कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला नेतात. तयार डीव्हीडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली की मूळ शूटिंग संपलं. धाकटीला हे पटायचं नाही. येईल ती कॅसेट ती आधी अख्खी कोठारात उतरवून घ्यायची, मगच पुसायला द्यायची. मी म्हणायचे, "कोण मागणार हाय तुझं ते कच्चं शूटिंग? लोकांची जेवणं आणि खुर्च्या!" ती म्हणायची, "कोण कधी काय मागंल, सांगता येतंय व्हय?"

नवरात्रातल्या अष्टमीला मागणारी आली. कोडोलीची मुलगी, वैशाखात लग्न करून पेठ वडगावला दिलेली. लग्नाचं शूटिंग आमचंच होतं. दारात चप्पल काढून उभी राहिली, हातात डीव्हीडी. मला वाटलं, चालत नसेल. मी जरा कडक आवाजातच विचारलं, "काय झालं?"

"वैनी, ह्यात आई न्हाय," ती म्हणाली.

मी डीव्हीडी लावून बघितली. खरंच नव्हती. आमच्याकडं मुलीच्या आईनं लेकीच्या अक्षता बघायच्या नसतात. मंगलाष्टका चालू असताना तिनं मागं तुळशीपाशी बसायचं. त्याच्या आधी आणि नंतर ती स्वयंपाकघरात, नाहीतर मानपानाच्या साड्या शोधत असते. कॅमेरा फिरतो तो वरपक्षाच्या पाव्हण्यांवर. दीड तासाच्या डीव्हीडीत मुलीची आई दिसत होती ती विहिणीचे पाय धुताना, तीही पाठमोरी. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नाची डीव्हीडी काढा, आई अशीच सापडेल.

मग मुलीनं पुढचं सांगितलं. आई श्रावणात गेली. छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. घरात तिचा फोटो म्हणाल तर एक, सरकारी कागदावरचा, आणि त्यातही ती भ्यालेली दिसते. "आई अशी नव्हती वो वैनी. लई हसायची. मला तिला एकदा चालताबोलताना बघायचंय." नवऱ्याची नोकरी गुजरातेत लागली होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं निघणार होती. परत कधी येणं होईल ठाऊक नव्हतं.

धाकटी आतून ओरडली, "हाय! सगळं हाय कोठारात! दोन्ही कॅमेऱ्यांचं! दसऱ्याला दुपारी ये, शोधून ठेवतो!"

निपाणीची असली तरी इथल्या बायकांसारखी ती "ठेवतो" म्हणायला लागली होती. मुलगी डोळे पुसत गेली.

खंडेनवमीला धाकटी माहेरी गेली. जाताना पेटी व्यवस्थित बंद करून गेली, कारण खंडेनवमी म्हणजे आमच्या घरात मामांचा दिवस. त्या दिवशी एकही यंत्र चालत नाही. जुने कॅमेरे, फ्लॅश, स्टँड, सगळं सतरंजीवर येतं. मामा अंघोळ करून, कद नेसून एकेक वस्तू ब्रशनं झाडतात, फडक्यानं पुसतात, हळदीकुंकू लावतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्या वर्षी त्यांनी काळी पेटीसुद्धा उघडली. आत धूळ साचली होतीच. मी वर पुरण वाटत होते. खाली आले तेव्हा पेटी बंद होऊन झेंडूच्या माळेत बसली होती, अशी देखणी पूजा की मीच हात जोडले.

दसऱ्याला सकाळी धाकटी परतली, आणि पदर खोचून तिनं पेटी चालू केली. पंखे फिरले. कारभारी उठला. डीव्हीडीचं बिऱ्हाड उठलं. कोठार मात्र उठेना. चार ओळी पडद्यावर यायच्या, डिस्का शोधतोय म्हणून सांगायचं आणि तिथंच ठाण मांडून बसायचं. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच.

मी एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, कोठार नव्यानं घाला, तासाभरात चालू होईल. मी धाकटीला म्हटलं, "तो म्हणतोय तसं करून टाक बाई. पोरगी यायची वेळ झाली."

"अक्का, फोन ठेवा आणि हात बांधून बसा!" ती कडाडली. "नव्यानं घातलं तर कोठार चालू हुईल, पण रिकामं. त्या पोरीला रिकामं कोठार दाखवायचंय काय?"

थोरल्या जावेशी असं कुणी बोलतं का? पण मी खरंच हात बांधून बसले. तिचा चेहरा तसा होता.

मग तिनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. एरवी आरडाओरडा करणारी बाई एकदम गप्प. पेटी बंद करून पुन्हा लावली आणि कार्ड जागं होताना आपल्याला जोडलेल्या डिस्कांची नावं पडद्यावर दाखवतं, तेवढीच वाचली. सगळ्या डिस्का हजर. "डिस्का जित्या हाईत. कार्डबी जितं हाय," ती म्हणाली. मग कोठाराला कार्ड न देता, रिकाम्या हातानं उठवलं. ते झटकन उठलं आणि माझ्या डिस्का कुठायत म्हणून कुरकुरायला लागलं. "कोठारबी जितं हाय." मग पेटीच्या मुळाशी जाऊन, असं कार्ड थेट दुसऱ्याच्या हातात द्यायची परवानगी चालू आहे का ते बघितलं. तीही चालू. म्हणजे देणारा ठीक, घेणारा ठीक, वस्तू ठीक. घोडं पेंड खात होतं ते देण्याघेण्यात. एकेक गोष्ट ती निवडून बाजूला ठेवत होती, आपण तांदळातले खडे काढतो तशी, आणि घाई कशाचीच नाही. घाई सगळी माझ्या अंगात होती.

मग तिची नजर पेटीवरच्या हळदीकुंकवाकडं गेली. माझीही गेली. आणि माझं तोंड ते, ते कशाला थांबतंय! "मामा, काल आतलं काय काय काढलंत तुम्ही?"

मामा खुर्चीत ताठ झाले. "उभा जन्म मशिनी पुसण्यात गेला माझा. एक स्क्रू कधी इकडचा तिकडं झालेला न्हाय. सगळं जागच्या जागी बसवलंय." म्हणाले खरं, पण आवाज पडला होता. ती मुलगी आली होती तेव्हा मामाही तिथंच होते. स्टुडिओ उभा केलेला माणूस, आणि कुणाची आई आपल्या हातून पुसली गेली असेल या भीतीनं बसल्या जागी लहान झाला होता. माझ्या जिभेला हाड नाही हे खरं, पण ते बघून मलाही वाईट वाटलं.

धाकटी उठली. मला म्हणाली, "अक्का, जरा चहा टाका की." मी जागची हलले नाही. मग ती मामांपुढं खाली बसली आणि तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी तुमच्या हाताखाली मी पुसणार हाय. कसं पुसायचं ते एकदा दावा की मला. काल केलं तसंच."

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग लाल फडकं घेतलं. पेटी बंद करून, वायर काढून उघडली. आतली दोन मोठी कार्डं सोडवून फडक्यावर ठेवली, कडा पुसल्या. एक डिस्कांचं कार्ड, दुसरं कॅसेट उतरवून घ्यायचं. दोघांच्या खाचा सारख्याच, एक वर, एक खाली. मामांनी डिस्कांचं कार्ड आधी उचललं, कपाळाला लावलं आणि वरच्या खाचेत बसवलं.

"हे वर?" धाकटीनं विचारलं.

"मग? ह्यात सगळं असतंय, तूच म्हणालतीस न्हवं? देव्हाऱ्यातले देव पुसले की आधी कुलदैवत वर बसतंय, मग बाकीचे. हे तुम्ही खाली बसवलेलं. मला ते बघवंना."

आई शप्पथ, मला हसावं की रडावं कळेना. धाकटीनं ते कार्ड खालच्या खाचेत लावलेलं होतं. आणि तो पेटीतला कारभारी कार्ड तोंडावरून ओळखत नव्हता, जागेवरून ओळखत होता. खालच्या खाचेत असेल ते कोठाराला द्यायचं, एवढंच त्याला सांगून ठेवलेलं. त्यानं इमानेइतबारे कॅसेटचं कार्ड उचलून कोठाराला दिलं आणि डिस्का स्वतःजवळ ठेवल्या. कोठार बिचारं भलतंच कार्ड हातात धरून डिस्का शोधत बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता ही घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. घेतलं असतं तरी तिला कोण काय म्हणणार होतं? पण ती म्हणाली, "मामा, बरोबर बसवलंय तुम्ही. कारभाऱ्याला सांगायचं माझं ऱ्हायलं."

आणि तिनं कार्ड खाली घेतलं नाही. पेटी बंद केली, चालू केली. आधी कारभाऱ्यानं त्या डिस्कांवर स्वतःचं काही लिहून तर ठेवलं नाही ना, ते निरखून बघितलं. नव्हतं लिहिलेलं. मग कारभाऱ्याच्या कानात नवी जागा घातली, खालची नव्हे, वरच्या खाचेतलं कार्ड कोठाराचं. मी तिच्या कानाशी लागले, "अगं, कार्ड खाली घातलं असतं तर पटकन झालं असतं की."

"पूजा झालीया अक्का. वर बसलेला देव खाली कशाला उतरवायचा?"

शिकलेली माणसं मी खूप बघितली, आवाज करणारी त्याहून जास्त. पण एवढं सगळं येत असताना एका म्हाताऱ्याचा मान कुठल्या खाचेत ठेवायचा हेही जिला येतं, तिला मी काय शिकवणार होते? नाद खुळा पोरगी! मनात म्हटलं हे, तोंडानं म्हटलं, "चहा टाकते."

चहा उकळेपर्यंत कोठार उठलं. डिस्का एकेक करून ओळखल्या, दार उघडलं आणि सगळी लग्नं जिथल्या तिथं दिसायला लागली. धाकटीनं वैशाखातलं कोडोलीचं लग्न काढलं, तोवर मुलगी दारात आलीच. वर्षाच्या आत सण करायचा नव्हता, म्हणून साध्या साडीत, एकटी. मामांनी उठून आपली खुर्ची तिला दिली.

आम्ही कच्चं शूटिंग लावलं. जे मी खुर्च्या आणि जेवणं म्हणायचे, ते. आणि त्यात आई होतीच होती. बुंदीच्या परातीवर झाकण टाकताना. वाढप्याला ओरडताना. कुणाचं तरी रडकं पोर कडेवर घेऊन, त्याच्या तोंडात लाडू कोंबताना. कॅमेरा समोर आला की "मला कशाला, नवरीला घे की!" म्हणून हातानं वारायची आणि हसायची. मुलगी पडद्याच्या इतकी जवळ सरकली की मला तिची फक्त वेणी दिसत होती. "तिचाच आवाज," एवढंच ती मधे मधे म्हणायची.

मग अक्षतांची वेळ आली. दिरानं दुसरा कॅमेरा हॉलच्या मागच्या कोपऱ्यात स्टँडवर चालू करून ठेवला होता, त्याचं शूटिंग होतं. लांबून, सगळ्यांच्या पाठी दिसणारं. एडिटिंगला मी त्यातलं काही घेतलं नव्हतं. मंगलाष्टका चालू होत्या. मुलगी म्हणाली, "इथं आई नसणार. ती मागं तुळशीपाशी बसलीती. पाठवणीला माझ्या गळ्यात पडून म्हणाली, सगळ्या गावानं बघितलं बया तुला, म्या तेवढं न्हाय बघितलं."

शेवटची मंगलाष्टका आली. पडद्याच्या उजव्या कडेला स्वयंपाकघराचं दार होतं. ते थोडं उघडलं. फटीतून आधी एक हात आला, मग डोकं. आई चवड्यांवर उभी होती, पदराचं टोक दातांत धरलेलं, मान जमेल तेवढी उंच केलेली. सावधान म्हणताच तिनं मूठ उघडून अक्षता उडवल्या. त्या कुठल्या स्टेजपर्यंत जायला! शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या फेट्यावर पडल्या. त्यानं वळून बघितलं आणि तिनं झटकन दार लावून घेतलं.

मुलगी हसायला लागली, मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. "लबाड! आई, लबाड हाईस गं तू!" तिनं पडद्यावरच्या त्या बंद दारावर हात ठेवला. "बघितलं की वैनी तिनं. माझ्या अक्षता बघितल्या की."

धाकटीनं काही न विचारता शूटिंग मागं घेतलं, आणि ते दार परत उघडलं.